चावी गाडीलाच

चोराची चप्पल बंपरला टांगायची कल्पना सरूबाईंची. नजर लागू नये म्हणून ट्रकवाले काळी चप्पल टांगतात, मग आपल्या जीपला तर चोरानं स्वतःच्या पायातली काढून दिलीय, ती का वाया घालवायची, असं त्यांचं म्हणणं. निळ्या पट्ट्याची, टाचेला झिजलेली ती डाव्या पायाची चप्पल सुतळीनं बांधून जीपच्या पुढं लोंबकळत होती. सरूबाईंच्या नवऱ्याच्या, पोपटरावांच्या, वर्षश्राद्धाला आलेला प्रत्येक पाहुणा अंगणात शिरताना आधी तिच्याकडंच बघायचा आणि मग हातपाय धुवायला जायचा.

अनुपमाला ते बरंच वाटत होतं. सासरे गेल्यापासून वर्षभर तीच ती जीप चालवत होती. पासिंग तिनंच करून आणलं होतं, टायर तिनंच बदलले होते, आणि चोर आले तेव्हा शेतातून कांद्याच्या मातीनं भरलेल्या हातांनी पळत येणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात पुढं तीच होती.

मागच्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, वस्तीवर चिटपाखरू नाही. मोटारसायकलवर दोघं आले. मांडवगणच्या आसपास यंदा दोन जुन्या जीपा गेल्या होत्या. जुन्या गाडीला ना बझर ना धड कुलूप, सुटे भाग करून विकले की नामोनिशाण राहत नाही. आणि इथं तर चावी गाडीलाच लावलेली! चोरांना देव पावल्यासारखं झालं असणार. चावी फिरवली, स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मग दोघांनी ढकलत ढकलत ती कालव्याच्या चारीच्या उताराला नेली. उतारावर गिअर टाकून बघितला, तरी ती ढिम्म. तोवर बायकांचा गलका ऐकू आला आणि चिखलात एक चप्पल सोडून दोघं पसार झाले.

चावी गाडीलाच, हा पोपटरावांचा नेम होता. त्याला कारण घडलं होतं. चारीपलीकडं धनगरवस्तीवर राहणाऱ्या तात्याबाला एका दुपारी पान लागलं, साप चावला. लोकांनी त्याला बाजेवर घालून इथं आणलं. जीप अंगणात उभी होती, पण चावी पोपटरावांच्या खिशात आणि पोपटराव पाटसला कारखान्याच्या मीटिंगला. तात्याबा जीपच्या सावलीतच गेला. त्या दिवसापासून पोपटरावांनी चावी कधी खिशात घातली नाही. ज्याला नड असेल त्यानं बसावं, न्यावं, आणून लावावी. डिझेल ज्याचं त्यानं बघावं.

ते गेल्यावर गाव म्हणालं, आता तरी चावी काढा, दिवस चांगले नाहीत. चावी काढली की सासऱ्यांचा, आबांचा, शब्द मोडतो, ठेवली की गाडी जाते. यातून अनुपमानं वाट काढली ती शंभूला हाताशी धरून. शंभू तात्याबाचा नातू, दौंडला गॅरेजात वायरिंगचं काम करतो. त्यानं डिझेलच्या वायरीवर एक चोरस्विच बसवून दिला. तो दाबला नाही तर चावी फिरेल, स्टार्टर फिरेल, पण डिझेल पुढं जाणार नाही. स्विच कुठं बसवला, ते इथंही सांगता येणार नाही.

पण मग वस्तीला गाडी मिळायची कशी? तर संक्रांत आली. घरात वर्षभर सण नव्हता, त्यामुळं हळदीकुंकू नाही, वाण नाही. बायका भेटायला मात्र आल्याच. अनुपमाच्या मनात आलं, हळदीकुंकूच नाही तर सवाष्ण कोण आणि विधवा कोण हे तरी कशाला बघायचं? तिनं तात्याबाच्या मागं राहिलेल्या कुशाबाईसकट झाडून सगळ्यांना बोलावलं. एकेकीला जीपमध्ये बसवलं, पदर आडवा घ्यायला लावला आणि हात धरून ती जागा दाखवली. तेच त्या वर्षीचं वाण. आता कुणाला गाडी लागली की त्या घरातली बाई आधी चढायची, पदर आडवा घ्यायची, मग नवरा चालवायला बसायचा. बाप्यांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग त्यांना सवय झाली. नेमकं काय करतेस म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. बायकांचं काहीतरी सोवळंओवळं असेल असं ते धरून चालले.

संक्रांतीला एक अडचण तेवढी झाली होती. थोरली जाऊ हर्षदा नेमकी त्याच दिवशी शिक्रापूरहून आली. पृथ्वीराजची बायको ती. तिला दाखवावं की नाही म्हणून अनुपमा घुटमळली, तर सरूबाई फाडकन म्हणाल्या, "तीबी बाईच हाय न्हवं?" मग हर्षदालाही दाखवलं. हर्षदानं जागा बघितली, मान हलवली आणि काही न बोलता उतरली. तिचं मौन अनुपमाला तेव्हापासून टोचत होतं.

आज श्राद्धाचा नैवेद्य भिंतीवर ठेवला तेव्हा सगळे हात जोडून उभे राहिले. कावळ्यानं यायला वेळ लावला की घरच्यांनी गेलेल्या माणसाला काहीतरी शब्द द्यायचा असतो. पृथ्वीराज घसा खाकरून पुढं झाला होता. त्यानं वाक्य तयार करून आणलंय हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पण कावळ्याला कसला दम नव्हता. तो आला, वडा उचलला आणि लिंबावर जाऊन बसला. पृथ्वीराजचं वाक्य तोंडातच राहिलं.

म्हणून ते त्यानं ओट्यावर काढलं.

"आई, जीप आज मी घेऊन जातोय."

सरूबाई द्रोण मांडत होत्या. "कुठं रं?"

"शिक्रापूरला. हायवेला आपलं गार्डन हॉटेल होतंय न्हवं, त्याच्या दारात." त्यानं मोबाइल पुढं केला. "बघ. आबांची जीप. नवा रंग, खालनं लाइट. सेल्फी पॉइंट. वर पाटी, पोपटरावांची जीप."

सरूबाईंनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "ह्यात चाकं कुठं हायत?"

"चाकं काढायची, आई. चौथऱ्यावर बसवायची."

"आन् इंजान?"

"इंजिन कशाला? उगं वजन. ते काढून टाकायचं."

"म्हंजी फोटूतल्या आबांगत," सरूबाई म्हणाल्या आणि मोबाइल परत देऊन द्रोण मांडू लागल्या.

सत्यजीत, अनुपमाचा नवरा, खांबाला टेकून पान खात उभा होता. कारखान्याचा हंगाम नुकताच संपला होता, त्यामुळं तो घरी होता. अनुपमानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं पानात जास्तच लक्ष घातलं.

"दादा," अनुपमा म्हणाली, "गाडी चालू हाय. चालत्या गाडीची चाकं काढायची?"

"चालू हाय म्हणून तर चोर आले. बघ अनुपमा, मला काय आबांची गाडी विकायची न्हाई. ह्याच जीपमधनं आबांनी मला शिरूरला बोर्डिंगला सोडलं. मागं ट्रंक, पुढं मी, सगळा रस्ता मी रडत होतो आन् आबा शिट्टी वाजवत होते." पृथ्वीराजचा आवाज जरा ओला झाला आणि तो खोटा नव्हता, हे अनुपमालाही कळत होतं. "मला ती जपायची हाय. हितं राहिली तर एक दिवस जाणार. आज चप्पल सोडून गेले, उद्या गाडी सोडणार न्हाईत. अरे, चावी लावून गाडी उघड्यावर? जगात कुणी करतं का? तिकडं कॅमेरे हायत, वॉचमन हाय, रात्रभर उजेड हाय."

"चोर आला आन् हात हालवत गेला. गाडी हाय तिथंच हाय. मग वाचवली कुणी?"

"नशीब म्हणायचं."

"नशीब कसलं? बायकांनी वाचवली."

"त्या तुझ्या बटणानं? सत्या सांगत होता." पृथ्वीराज हसला. "सगळ्या वस्तीला ठाऊक असलेलं गुपित! उद्या कुणीबी चोराच्या कानात सांगंल."

"संक्रांतीपासनं कुणी सांगितलं न्हाई. तुम्हाला तरी सांगितलं का?"

पृथ्वीराजचं हसू जागच्या जागी विरलं. हर्षदा पलीकडं पत्रावळींना पाणी मारत होती. तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

"आन् दादा, शंभूच्या बायकोचे, प्रगतीचे, दिवस भरत आलेत," अनुपमा म्हणाली. "ऊस तुटून गेलाय, बिबटे बांधाबांधानं फिरतायत. अंधारात कळा सुटल्या तर मोटारसायकलवर न्यायची तिला? चारीच्या चिखलातनं दुसरी कुठली गाडी निघती? तुमची ती नवी गाडी तर सकाळी नुसत्या अंगणाच्या चढाला घासली."

"वस्तीचा ठेका आपण घेतलाय का?"

"आबांनी घेतला हुता."

"आबा गेले!" पृथ्वीराजचा आवाज चढला. "आता मी थोरला हाय. आन् सत्यानं मला हो म्हणलंय."

अंगणात सतरंज्या घालणारी माणसं थबकली. अनुपमानं नवऱ्याकडं वळून बघितलं.

"कवा म्हणालात?"

"फोनवर," सत्यजीत पुटपुटला. "दादा इचारत हुता... मोठा हाय तो. मी काय न्हाई म्हणू का त्याला?"

"मला इचारायचं हुतं."

"तू न्हाईच म्हणली असतीस."

"म्हणून इचारलं न्हाई?"

सत्यजीतनं पान दुसऱ्या गालात सरकवलं. वर्षभर अनुपमा पहाटे उठून त्या जीपचं पाणी-ऑइल बघत होती, लोकांची माणसं शिरूरला, दौंडला पोचवत होती, आणि नवऱ्यानं ती एका फोनवर देऊन टाकली होती. तिला ओरडावंसं वाटलं, पण अंगणभर पाहुणे होते आणि भिंतीवर अजून आबांचा नैवेद्य होता.

"आदी जेवा," सरूबाई म्हणाल्या. "त्येचं त्येला मिळालं, आता तुमी खा. भांडान उपाशी करू नये."

पुरुषांची पंगत बसली आणि उठली. वरण-भात, खीर, वडे, आग्रह, ढेकर सगळं रीतीप्रमाणं झालं. पृथ्वीराज जेवताना पाहुण्यांशी खेळीमेळीनं बोलत होता, सारखा फाटकाकडं बघत होता. तिथं त्याचा ड्रायव्हर नवनाथ नव्या गाडीला टेकून उभा होता. अनुपमानं वाढता वाढता ते बघितलं, पण तिच्या मनात काही आलं नाही.

मग बायका बसल्या. सरूबाई, कुशाबाई, हर्षदा, वस्तीवरच्या, भावकीतल्या. अनुपमानं दोनदा फिरून वाढलं आणि शेवटी तीही बसली. पहिला घास तोंडात गेला असेल नसेल, तेवढ्यात बाहेर स्टार्टर घरघरला.

सगळ्या पंगतीचे हात थांबले.

पुन्हा घरघर. लांब, ताणलेली. इंजिन काही धरत नव्हतं.

"आपल्यातलं कोण न्हाई पंगतीला?" कुशाबाईनं विचारलं.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. सगळ्या होत्या. पदर आडवा घेणारी एकही बाई बाहेर नव्हती, म्हणजे गाडीत बसलेला माणूस वस्तीचा नव्हता.

भरल्या पत्रावळीवरून बाईनं उठायचं नसतं, आणि श्राद्धाच्या तर नाहीच नाही. पण कुशाबाई उठल्या. त्यांच्या मागं अनुपमा, तिच्या मागं सगळी पंगतच्या पंगत, खिरीनं बरबटलेल्या हातांनी अंगणात धावल्या. जीपला चारी बाजूंनी वेढा पडला. स्टिअरिंगवर नवनाथ घामाघूम होऊन चावी फिरवत होता. इतक्या उष्ट्या हातांच्या बायका एकदम अंगावर आलेल्या बघून त्यानं दोन्ही हात वर केले.

"मी चोर न्हाई वो, मावशी!"

"मग कोण हाईस?"

"मालकांनीच सांगितलं. बायका जेवायला बसल्या की गाडी काढ आन् थेट शिक्रापूर गाठ म्हणले."

सगळ्या माना ओट्याकडं वळल्या. पृथ्वीराज पायऱ्या उतरून येत होता. चेहरा लाल झालेला, पण चाल तीच, ग्रामपंचायतीच्या सभेत येतात तशी.

"काय तमाशा हाय हा? स्वतःच्या बापाची गाडी न्यायची तर चोर ठरतो व्हय माणूस?"

"न्यायची हुती तर मागायची," अनुपमा म्हणाली. तिचा उजवा हात अजून भातानं माखलेला होता, तो तिनं अंगापासून लांब धरला होता. "चावी गाडीलाच हुती. आजवर कुणाला न्हाई म्हणलंय ह्या घरानं?"

"मागितली की सकाळी!"

"मागितली न्हाई. सांगितलंत. आन् मग बायकांचे हात ताटात गुतले की पाठीमागनं न्यायला माणूस पाठवलात. त्या दोघांनी तरी बाजाराचा दिवस बघितला, दादा. तुम्ही आबांचं श्राद्ध बघितलंत."

भावकीतल्या कुणीतरी खाली मान घातली. पृथ्वीराजला ते लागलं. मग जे लोक अशा वेळी करतात तेच त्यानं केलं, आणखी मोठ्यानं बोलला.

"क्रेन बोलावतो! बटण नको न् चावी नको. उचलून नेतो."

"बोलीव," सरूबाई म्हणाल्या.

त्या गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. गुडघ्याला हात लावून त्यांनी पाय फूटबोर्डवर ठेवला. नवनाथनं घाईघाईनं त्यांना हात दिला आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं उतरून पळाला. सरूबाई पुढच्या सीटवर बसल्या. पदर सावरला, मांडीवर उष्टा हात ठेवला आणि समोरच्या काचेतून लेकाकडं बघत राहिल्या. "उचल. माझ्यासकट उचल. तुझ्या हाटेलाच्या दारात मीबी बसते चौथऱ्यावर. लोकं माझ्यासंगबी फोटू काढतील."

बायका हसल्या. हसू आवरेना तेव्हा पदर तोंडाला लावला, तर उष्टे हात, मग तशाच हसल्या. पाहुण्यांतले पुरुषही हसले. पृथ्वीराज एकटाच हसला नाही.

"आई, तू उतर. माझं हसं करून काय मिळतंय? मी आबांसाठीच करतोय."

तेव्हा कुशाबाई बोलल्या. त्या एरवी या घरातल्या भांडणात कधी पडत नसत, हद्द पाळून असत. "पिरथीराज, तुमी लहान हुता तवाची गोष्ट. माझा मालक हितंच गेला, ह्या चाकापाशी. गाडी हुती, चावी न्हवती. तुमच्या आबांनी मला कधी शब्दानं माफी मागितली न्हाई. दुसऱ्या दिवशी चावी गाडीला लावली आन् मरंस्तवर काढली न्हाई. मी तीच माफी समजले." त्यांनी चिखलानं माखलेल्या चाकाकडं बोट केलं. "तुमी चाकं काढा, रंग लावा, पाटी लावा. पर मग त्येंनी चावी ठिवलेली कशापायी?"

पृथ्वीराज धाकट्याकडं वळला.

"सत्या, तू बघतोस काय? तुझ्या बायकोला सांग, बटण कुठं हाय ते दाखव म्हणावं."

सत्यजीत ओट्याच्या पायरीवर उभा होता. सगळं अंगण त्याच्याकडं बघत होतं. अनुपमानं मात्र बघितलं नाही, तिला बघायचंच नव्हतं. त्यानं तोंडातलं पान कोपऱ्यात थुंकलं, हळूहळू चालत जीपपाशी आला आणि मडगार्डला पाठ लावून उभा राहिला, भावाकडं तोंड करून.

"दादा, मी फोनवर हो म्हणलो ती चूक झाली. माझी नव्हती ती गाडी द्यायला."

"तुझी न्हाई? मग कुणाची?"

"ते मला ठाऊक न्हाई. पर न्यायची असली तर मी हितं उभा हाय."

अनुपमानं तेव्हा त्याच्याकडं बघितलं. थोरल्या भावासमोर त्यानं आजवर कधी आवाज काढला नव्हता. तिला त्याचा रागही आला आणि मायाही आली.

पृथ्वीराज आता पुरता एकटा पडला होता आणि एकटा पडलेला माणूस हट्टाला पेटतो. तो एकेका बाईसमोर जाऊन उभा राहिला. "तुला ठाऊक हाय? सांग. तुला?" एकेक बाई नुसती बघायची. कुणी म्हणाली, "कसलं बटान?" कुणी म्हणाली, "आमाला काय कळतंय मशीनीतलं." दुसऱ्या बाजूला पुन्हा हसू फुटायचं. असं करत करत तो हर्षदापाशी आला आणि पुढं जाता जाता थांबला. नुसत्या शंकेनं नव्हे, त्यानं तिचा चेहरा वाचला. बाकीच्या त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघत होत्या, ती जमिनीकडं बघत होती.

"तुला ठाऊक हाय?"

हर्षदानं उष्टा हात पाठीमागं नेला.

"हर्षदा, तू संक्रांतीला आली होतीस."

"व्हय," ती म्हणाली. "ठाऊक हाय."

अनुपमाला संक्रांतीपासून टोचत होतं ते हेच. हर्षदा शिक्रापुरात राहायची. तिचं घर, तिची मुलं, तिचं हॉटेल सगळं तिकडं होतं. इथल्या चारीशी आणि बिबट्याशी तिचा काय संबंध? पृथ्वीराजनं हसून सगळ्यांकडं बघितलं, जिंकल्यासारखं.

"झालं तर मग. काढ गाडी. तूच घेऊन चल, नवनाथ मागनं येईल आपली गाडी घेऊन."

हर्षदानं अंगणातल्या हौदावर जाऊन हात धुतला. बायकांचा वेढा आपोआप बाजूला झाला, पण कुणी तिच्याशी बोललं नाही. ती चढली. शेजारी सासू बसलेली होती. सरूबाईंनी सुनेकडं मान वळवूनही बघितलं नाही. हर्षदानं पदर खांद्यावरून पुढं ओढला, आडवा धरला आणि त्याच्याआड तिचा हात गेला. पृथ्वीराज टाचा उंचावून बघत होता, तरी त्याला पदरच दिसला. मग तिनं चावी फिरवली. जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

लिंबावरचा कावळा उडाला. सत्यजीत मडगार्डवरून बाजूला झाला, कारण वहिनी चालवत असलेल्या गाडीपुढं उभं राहणं त्याला जमलं नाही. पृथ्वीराजनं धावत जाऊन फाटक उघडलं. जीप पुढं निघाली. अनुपमाला ती नजरेसमोरून जाताना दिसली, बंपरला चप्पल हलत होती, आणि तिनं मनात प्रगतीला दौंडला कसं न्यायचं याचा विचारसुद्धा सुरू केला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडावी लागेल, त्यात गवत अंथरावं लागेल.

फाटकापाशी जीप थांबली. रिव्हर्स पडल्याचा आवाज आला. हर्षदानं मान मागं वळवून गाडी वळवली, लिंबाला वळसा घातला आणि मागं मागं घेत नेमकी तिच्या रोजच्या जागी, ऑइलचे डाग पडलेल्या मातीवर आणून लावली. इंजिन बंद केलं. पदर पुन्हा एकदा आडवा झाला आणि सरळ झाला.

सरूबाईंनी आपला उष्टा हात सुनेच्या धुतलेल्या हातावर ठेवला आणि तो सगळा खिरीनं माखून टाकला.

"हर्षदा, हे काय?" पृथ्वीराज फाटक धरून तसाच उभा होता.

"दोन्ही खेपेला बाळंतपणाला मी हितं वस्तीवर होते आन् तुम्ही पुण्याला मीटिंगला होता," हर्षदा खाली उतरत म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या पाहुण्यापर्यंत पोचला. "मला ह्याच जीपनं दौंडला नेलं. आबांनी. तुमच्या हॉटेलच्या दारात तिची चाकं काढलेली मला रोज बघवायची न्हाईत."

तिनं साडीचे काठ झटकले आणि पंगतीकडं चालायला लागली. पत्रावळींवर माश्या बसायला लागल्या होत्या, खीर गार झाली होती. जाता जाता ती नवऱ्यापाशी थांबली.

"चावी गाडीलाच हाय," ती म्हणाली. "न्या की."